मागच्या बाजूचं गाणं

बीटल्स म्हणजे चौघे जण. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. कोण गिटार वाजवतो, कोण बेस, कोण ड्रम्स, हे त्यांच्या चाहत्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण त्यांच्या नावावर एक गाणं असं आहे, की त्यात या चौघांपैकी कोणीही एकही वाद्य वाजवलेलं नाही. त्यात सरोद आहे, शहनाई आहे, बासरी आहे, पखवाज आहे आणि आपली पेटी आहे. ही सगळी वाद्यं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये वाजली. तिथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता. गाण्याचं नाव ‘द इनर लाइट’. लांबी अडीच मिनिटांहून जराशी जास्त.

रॉकच्या इतिहासात भारताचा विषय निघाला की लोक ऋषिकेशला जातात. महर्षी महेश योगींचा आश्रम, गंगाकाठ, झेंडूच्या माळा घातलेले बीटल्स, ही छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. फोर्टातल्या त्या स्टुडिओचं नाव मात्र कोणी घेत नाही. ऋषिकेशला बीटल्सनी पुष्कळ गाणी रचली, पण त्यांचं रेकॉर्डिंग नंतर इंग्लंडात झालं. बीटल्सच्या रेकॉर्डवर जे भारतात वाजलेलं संगीत आहे, ते मुंबईचं आहे. म्हणून या गाण्याची कुळकथा मराठीत सांगायची, आणि सांगताना वाजवणाऱ्यांची नावं घेऊन सांगायची, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

गाण्याच्या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण ते आधी आले. हुआन मास्कारो हे संस्कृतचे पंडित. जन्म १८९७ चा, स्पेनच्या मायोर्का बेटावरचा. हयातीचा मोठा भाग केंब्रिजमध्ये गेला. भगवद्गीतेचं आणि उपनिषदांचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पेंग्विनने काढलं, गीता १९६२ मध्ये आणि उपनिषदं १९६५ मध्ये, आणि त्या काळच्या इंग्लंडमधल्या तरुणांच्या हातात ही दोन स्वस्त पुस्तकं जिकडेतिकडे दिसत. ऑक्टोबर १९६७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्टच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हॅरिसन आणि लेनन ध्यानधारणेवर बोलायला आले होते. चर्चेत मास्कारोही होते. महिनाभराने, १६ नोव्हेंबरला, त्यांनी हॅरिसनला पत्र लिहिलं. सोबत आपलं ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हे पुस्तक पाठवलं. जगातल्या निरनिराळ्या धर्मपरंपरांमधली वेचक वचनं त्यात एकत्र केलेली आहेत. त्यातल्या ‘ताओ ते चिंग’ या चिनी ग्रंथातल्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाकडे बोट दाखवून त्यांनी सुचवलं, की तुम्ही याला चाल का लावत नाही?

त्या प्रकरणाचा आशय थोडक्यात असा: घराचा उंबरा न ओलांडता माणसाला जग जाणता येतं, आणि जो जितका दूर भटकतो त्याला तितकं कमी कळतं. मूळ वचन चिनी, इंग्रजी करणारा मायोर्काचा संस्कृतज्ञ, गाणारा लिव्हरपूलच्या बस ड्रायव्हरचा मुलगा. हॅरिसनने शब्द जवळजवळ जसेच्या तसे घेतले. एक बदल केला. पहिलं कडवं ‘मी’ म्हणून येतं, ते दुसऱ्या कडव्यात ‘तुम्ही’ करून घेतलं. एकटा गाणारा काहीतरी थोर झाला आहे असा कोणाचा समज होऊ नये, ऐकणारा प्रत्येक जण त्यात यावा, असं कारण त्याने पुढे आपल्या ‘आय, मी, माइन’ या पुस्तकात दिलं आहे. गीतकार म्हणून रेकॉर्डवर नाव एकट्या हॅरिसनचं लागलं. मास्कारोंचं नाही.

आता मुंबई. हॅरिसनला ती अनोळखी नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नी पॅटीबरोबर आला होता, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. ओळखू येऊ नये म्हणून मिशा वाढवल्या, ताजमहाल हॉटेलात खोटं नाव सांगितलं. तरी बातमी फुटलीच आणि हॉटेलखाली गर्दी जमली. रविशंकरांच्या मुंबईतल्या किन्नर संगीतशाळेतले शंभू दास यांनी तेव्हा त्याच्या रियाजाकडे लक्ष दिलं होतं. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा आला तो मात्र कामाने. जो मॅसो या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं पार्श्वसंगीत त्याच्याकडे आलं होतं, आणि त्यातला हिंदुस्थानी भाग हिंदुस्थानातच वाजवून घ्यायचा, असं त्याने ठरवलं. वादक जमवायला शंभू दास होते, एचएमव्हीचे विजय दुबे होते.

अडचण निघाली ती यंत्राची. मुंबईच्या स्टुडिओत फक्त मोनो मशीन होतं. मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीत. एकदा ध्वनिमुद्रण झालं की शहनाई थोडी कमी कर, पखवाज थोडा वाढव, असं पुढे काही करता येत नाही. लंडनच्या ॲबी रोडवर तेव्हा चार ट्रॅकवर काम चालत होतं. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख भास्कर मेनन यांनी मग कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन स्वतः रेल्वेने मुंबईला आणलं. हॅरिसनने ही गोष्ट पुढे कृतज्ञतेने सांगितली आहे. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम तिथे घराघरात पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रॉकच्या इतिहासात या मल्याळी माणसाचं स्थान पक्कं आहे, पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते मशीन घेऊन गाडीत बसलेल्या माणसात.

कलकत्ता ते मुंबई हे अंतर सौंदडच्या माणसाला नकाशा काढून दाखवावं लागत नाही. सडक अर्जुनी तालुक्यातलं आमचं हे गाव मुंबई-कलकत्ता हायवेवरच आहे. रात्री अंगणात खाट टाकून पडलं की पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र अशा दोन्ही पासिंगचे ट्रक एकामागून एक जाताना ऐकू येतात. रेल्वेही आहे, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी. १९६८ साली ती छोटी लाइन होती, आणि हावडा किंवा मुंबई गाठायची तर गोंदियाला मोठ्या लाइनची गाडी धरावी लागे. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबई जवळजवळ दोन हजार किलोमीटर. तेव्हाच्या गाड्यांनी दीड-दोन दिवसांचा प्रवास. काचेच्या सामानासारखं जपून न्यायचं यंत्र कंपनीचा प्रमुख स्वतः इतक्या लांब घेऊन येतो, यावरून त्या कामाला त्याने केवढी किंमत दिली होती ते कळतं.

दोन ट्रॅक मिळाले तरी मोकळीक फार नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं. कोणाचं चुकलं तर सगळ्यांनी परत पहिल्यापासून. कोण मायक्रोफोनपासून किती लांब बसणार, यावर कोणाचा आवाज किती येणार हे ठरायचं. शिवाय खोली आवाजबंद नव्हती. खालून टॅक्स्या जात. संध्याकाळी साडेपाचला वरच्या-खालच्या कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा इतका गलका होई, की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. कान देऊन ऐकलं तर ‘वंडरवॉल’च्या काही तुकड्यांमागे टॅक्सीचा आवाज ऐकू येतो, असं हॅरिसन स्वतः सांगत असे. मला हा तपशील अतिशय प्रिय आहे. फोर्टची ती संध्याकाळ, कचेरीतल्या लोकांची घरी जायची घाई, व्हीटीकडे आणि चर्चगेटकडे निघालेले लोंढे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका खोलीत पेटीचा भाता थांबून राहिला आहे.

चित्रपटाचं काम उरकल्यावर हाताशी वेळ उरला. १२ जानेवारीला हॅरिसनने त्याच वादकांना घेऊन आपल्या नव्या चालीचे पाच टेक केले. पाचवा टेक पसंत पडला.

वाजवणारे कोण होते? सरोदवर आशिष खान. उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव, मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू, जन्म मैहरचाच. पखवाज महापुरुष मिश्र यांचा. ते बनारस घराण्याचे, अली अकबर खाँ यांच्या साथीला जगभर फिरलेले तबलावादक. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. पेटीवर रिजराम देसाड. शहनाईवर हनुमान जादेव, असं नाव ‘वंडरवॉल’च्या रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेलं आहे. ‘वंडरवॉल’च्या इतर तुकड्यांत शिवकुमार शर्मांचं संतूर होतं, विनायक व्होरांची तारशहनाई होती, एस. आर. केंकरे यांची बासरी होती. केंकरे हे गोव्याकडचं आडनाव. त्या काळी मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याकडच्या वादकांचा भरणा केवढा होता, हे जुन्या चित्रपटसंगीताच्या शौकिनांना सांगायला नको.

वयंही पाहा. हॅरिसन चोवीस वर्षांचा. आशिष खान अठ्ठावीस, हरिप्रसाद एकोणतीस. हरिजींना तोवर पंडित ही उपाधी लागलेली नव्हती. कटकचं आकाशवाणी केंद्र सोडून मुंबईत आलेला आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत रोज बासरी वाजवणारा तो एक तरुण होता. सिनेमाच्या कामाने या मंडळींच्या अंगी एक हुशारी आणली होती: अनोळखी चाल ऐकायची, दोनदा वाजवून पाहायची, लाल दिवा लागला की अचूक वाजवून मोकळं व्हायचं. घराण्याची तालीम आणि स्टुडिओची सवय, दोन्ही एकाच हातात. लंडनमध्ये हॅरिसनला हे मिळालं नसतं. त्याआधीच्या त्याच्या दोन हिंदुस्थानी वळणाच्या गाण्यांत लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक होते. १९६६ च्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबल्यावर अनिल भागवत होते आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं गेलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर एक मराठी नाव! पुढच्या वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’च्या वादकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, त्यांची नावं जगापुढे यायला पन्नास वर्षं जावी लागली.

एचएमव्हीच्या मुंबईतल्या कारभाराला आमच्या विदर्भाचाही हात लागलेला होता, हे इथे सांगायलाच हवं. जी. एन. जोशी नागपूरला शिकले, वकील झाले, आणि मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताची वाट त्यांनी मोकळी केली. मग वकिली बाजूला ठेवून ते एचएमव्हीत गेले आणि अनेक वर्षं तिथे मोठमोठ्या गायक-वादकांची ध्वनिमुद्रणं त्यांनी करून घेतली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा विलक्षण अल्बम त्यांच्याच देखरेखीखाली, हॅरिसन मुंबईत यायच्या थोडं आधी झाला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस संतूर, बासरी आणि गिटारवर सांगणारा. म्हणजे वेगवेगळी वाद्यं एकत्र बसवून नवी गोष्ट सांगायचा सराव या वादकांना हॅरिसन येण्याआधीच झाला होता. परदेशी पाहुण्याने येऊन त्यांना काही नवं शिकवलं, असं जे कधीकधी लिहिलं जातं ते मला मान्य नाही. पाहुण्याकडे चाल होती, कळकळ होती; हुन्नर इथलं होतं.

गाणं ऐकायला कसं आहे? सुरुवातीचा तुकडा ठसकेबाज. शहनाई आणि सरोद एकमेकांना टोले देत पुढे जातात, खाली पखवाज घुमतो. मग एकदम सगळं शांत होतं आणि हॅरिसनचा आवाज येतो, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. त्याच्या खाली पेटी आणि बासरी. कडवं संपलं की परत तो ठसका. निषाद कोमल आहे, बाकीचे स्वर शुद्ध. आपल्याकडच्या जाणकाराला खमाज थाटाची आठवण यावी. पण हा खमाज राग आहे असं मी म्हणणार नाही. रागाची बढत त्यात नाही, आणि अडीच मिनिटांच्या गाण्यात ती यावी अशी अपेक्षाही कोणाची नसावी.

हे गाणं मी आमच्या भागातल्या एका पेटीमास्तरांना मोबाइलवर ऐकवलं. दंडारीत, भजनात आणि झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांची उभी हयात गेलेली. बीटल्स हे नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी आधी काही सांगितलंही नाही. पहिला तुकडा ऐकून ते म्हणाले, “शहनाईवाला पक्का आहे.” गाणारा आला तेव्हा शब्द त्यांना कळले नाहीत, पण बोटं मांडीवर हलायला लागली. परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, “भाऊ, हा पेटीवाला गाणाऱ्याच्या पुढे जात नाही, पाहा. मागं मागं चालते. त्याला माहीत आहे का गाणारा कच्चा आहे.” हॅरिसनला स्वतःच्या गळ्याबद्दल खात्री नव्हती, ही गोष्ट मी त्यांना नंतर सांगितली, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. पेटी ओढून त्यांनी चाल काढली. तिसऱ्या खेपेला कडवं जमलं. निषादावर बोट ठेवून थोडं थांबले आणि म्हणाले, “हे तं ओळखीचं लागते.”

पण एक गोष्ट त्यांना सांगायची मला फार ओढ लागली होती. मुंबईत पेटी वाजली तेव्हा खोलीत गाणारा गातच नव्हता. शब्दांशिवाय, नुसता साज वाजला होता. आवाज तीन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारी १९६८ ला, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्यावर चढवला गेला. म्हणजे रिजराम देसाड यांनी न ऐकलेल्या गळ्याला जागा सोडून ठेवली होती. मास्तर यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “नाव काय म्हणाले त्यांचं?”

लंडनला मुंबईची दोन ट्रॅकची टेप चार ट्रॅकवर उतरवून घेतली गेली आणि उरलेल्या जागेत आवाज आला. पट्टी उंच होती. हॅरिसन कचरत होता. आपल्याच्याने होणार नाही असं त्याला वाटत होतं. मॅकार्टनी आणि लेनन यांनी त्याला धीर दिला. दोन दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, या दोघांनी शेवटच्या ओळीत आपले आवाज मिसळले. बीटल्सची या गाण्यातली प्रत्यक्ष हजेरी एवढीच. मॅकार्टनीला चाल मनापासून आवडली होती. हिंदुस्थानी वाद्यांकडे लक्ष देऊ नका, नुसती चाल ऐका, किती सुंदर आहे, अशा अर्थाचं त्याने तेव्हा म्हटलं होतं. त्याचं कौतुक खरं होतं यात शंका नाही. पण त्या वाद्यांकडेच लक्ष द्या, असं मी म्हणेन. ती चाल त्या वाद्यांच्या अंगाने वाढली आहे. पेटीचा तो मागं मागं चालणारा स्वर काढून घेतला तर कडव्याचा जीवच जातो.

१५ मार्च १९६८ ला रेकॉर्ड बाजारात आली. दर्शनी बाजूला ‘लेडी मॅडोना’, मागे ‘द इनर लाइट’. बीटल्सच्या एकल रेकॉर्डवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिली वेळ. तोवर ती जागा लेनन-मॅकार्टनी जोडीची असे. त्या दिवशी चौघांपैकी लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन ऋषिकेशला होते.

छोट्या रेकॉर्डला वेष्टन साधं कागदाचं. मधल्या गोल लेबलवर गाण्याचं नाव, गटाचं नाव, रचनाकाराचं नाव, एवढं मावतं. सरोद कोणाची, बासरी कोणाची, हे छापायला जागाच नव्हती. हॅरिसनला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम निघाला, बीटल्सपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेला पहिला, तेव्हा त्याच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावं वाद्यांसह आली. पण अल्बम विकला गेला थोडा आणि एकल रेकॉर्ड लाखांनी. जे लाखांनी ऐकलं त्यावर नाव नाही, आणि जिथे नाव आहे ते थोड्यांनी पाहिलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, भरायला लागल्या की झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रकं गावोगाव लागतात. वडसा हे या नाटकमंडळ्यांचं मुख्य ठाणं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि त्या पत्रकावर नट-नट्यांच्या खाली ऑर्गन कोणाचं, तबला कोणाचा, ऑक्टोपॅड कोणाचं, हे छापलेलं असतं. लोक ते वाचून ठरवतात. अमुक मास्तर ऑर्गनवर आहे म्हणून तीन कोस लांबच्या गावी जाणारी माणसं माझ्या माहितीत आहेत. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशाने ऐकलं, पण आपल्या वादकाचं नाव छापायची रीत तिला त्याआधीपासून होती. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गटाच्या रेकॉर्डला जे जमलं नाही, ते वडशाच्या छापखान्यात होतं.

गाणं पुढे बरीच वर्षं बाजूलाच पडलं. बीटल्सच्या हयातीत ते कुठल्याच अल्बममध्ये आलं नाही. १९७८ मध्ये ‘रॅरिटीज’ या संग्रहात आलं, मग १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’मध्ये. हॅरिसनने स्वतः सतार बाजूला ठेवली. इतक्या उशिरा सुरुवात करून आपण रविशंकरांच्या जवळपासही पोचणार नाही, हे त्याने ओळखलं आणि तो गिटारकडे वळला. वादकांचा धागा मात्र त्याने सोडला नाही. १९७४ मध्ये रविशंकरांच्या नेतृत्वाखाली त्याने हिंदुस्थानी संगीताचा मोठा ताफा युरोपात नेला. २३ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. त्या ताफ्यात हरिप्रसाद होते, शिवकुमार होते, अल्लारखा होते आणि आमच्या मास्तरांनी ज्यांचं नाव विचारलं ते रिजराम देसाडही होते.

मुंबईची वाट त्याच्यानंतर इतरांनीही धरली. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने इथल्या वादकांना घेऊन आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने वाजवून पाहिली. ती टेप त्रेचाळीस वर्षं कपाटात राहिली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘वंडरवॉल’ हा शब्द तर १९९५ मध्ये ओअॅसिस या ब्रिटिश गटाच्या गाण्याने जगभर नेला. आज तरुण पोरं गिटार हातात घेतात ती पुष्कळदा तेच गाणं शिकायला. ते नाव हॅरिसनच्या त्या अल्बमवरून आलं आहे, फोर्टात वाजलेल्या तुकड्यांच्या अल्बमवरून.

‘द इनर लाइट’ हे नावही असंच दूर गेलं. १ जून १९९२ ला अमेरिकेत ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. अंतराळयानाचा कप्तान काही मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात नष्ट झालेल्या एका ग्रहावरचं अख्खं आयुष्य जगतो. संसार करतो, मुलं वाढवतो, म्हातारा होतो, बासरी शिकतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो आपल्या खुर्चीपाशीच आहे, कुठेही गेलेला नाही. लेखक मॉर्गन गेंडेल यांनी या भागाला नाव दिलं ते बीटल्सच्या गाण्यावरून. भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मालिकेच्या चाहत्यांत तो आजही सर्वोत्तम भागांपैकी एक मानला जातो.

२९ नोव्हेंबर २००२ ला, हॅरिसन जाऊन बरोबर एक वर्ष झालं तेव्हा, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी मैफल केली. जेफ लिन यांनी हे गाणं गायलं आणि सतारीवर रविशंकरांची मुलगी अनुष्का होती. चौतीस वर्षांपूर्वीचं मागच्या बाजूचं गाणं त्या रात्री पहिल्या भागातच, हिंदुस्थानी वाद्यांच्या घोळक्यात, मानाने गायलं गेलं. २००६ च्या ‘लव्ह’ या अल्बममध्ये त्याचा एक तुकडा ‘हिअर कम्स द सन’च्या शेपटाला जोडलेला आहे.

आणि २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्याने निघाला तेव्हा त्यात मुंबईचा एक वेगळा टेक घातला गेला. त्यात हॅरिसनचं गाणं नाही. सुरुवातीला खोलीतलं बोलणं ऐकू येतं आणि मग नुसता साज. मला मूळ रेकॉर्डइतकाच, कधीकधी तिच्याहूनही, हा टेक आवडतो. गाणारा नसल्यामुळे पेटीने त्याच्यासाठी सोडलेली जागा कानांना लख्ख दिसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आशिष खान गेले. बहुतेक बातम्यांत हॅरिसनचा उल्लेख होता, ‘वंडरवॉल’चा होता, फोर्टचा क्वचितच. ऋषिकेशचा तो आश्रम २०१५ पासून तिकीट लावून पाहायला खुला केलेला आहे आणि लंडनच्या ॲबी रोडवर झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढायला रोज गर्दी असते. सर फिरोजशहा मेहता रोडवर गर्दी जमावी अशी माझी मागणी नाही. तिथे एक मराठी पाटी लागावी. तीवर १२ जानेवारी १९६८ ही तारीख असावी, आणि खाली ओळीने: सरोद आशिष खान, पखवाज महापुरुष मिश्र, शहनाई हनुमान जादेव, बासरी हरिप्रसाद चौरसिया, पेटी रिजराम देसाड, आणि यंत्र घेऊन आले ते भास्कर मेनन.